ताईच्या रेकॉर्डींवरचे आकडे

फोन आमच्या पोस्टातच आला. दुपारचे तीन वाजले असतील. मी पार्सलच्या खिडकीवर होतो आणि समोर एक बाई लोणच्याची बरणी कापडात शिवून घेऊन आल्या होत्या. पलीकडून पुलगावच्या पोस्टातला ओळखीचा कारकून बोलत होता. "सिधूभाऊ, ताई गेल्या. आत्ताच. निघा तुम्ही," एवढंच तो म्हणाला. मी 'बरं' म्हटलं, फोन ठेवला आणि त्या बाईंचं पार्सल तोलायला घेतलं. शिवण कच्ची आहे, रस्त्यात उसवेल, म्हणून त्यांना दोन शब्द सुनावलेही. शिक्का मारला, पावती दिली, आणि त्या जिना उतरून गेल्यावर मग खिडकी लावून घेतली. वर्ध्याहून पुलगावला जाताना सगळा वेळ माझ्या डोक्यात त्या बरणीचंच चाललं होतं.

त्याला आता पाच आठवडे झाले. भेटायला येणारे अजून येतात. ताईने पुलगावात बावीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यामुळे निम्मं गाव तिचं विद्यार्थी. येणारा प्रत्येक जण तिच्या रेकॉर्डींचा विषय काढतोच. बशीएवढ्या लहान, पंचेचाळीसच्या वेगाने फिरणाऱ्या, दुसऱ्याने वापरून झालेल्या रेकॉर्डी, आणि प्रत्येकीच्या खाकी पाकिटावर लिहिलेली एकेक आठवण. लोक कौतुक करतात, मी मान डोलावतो. मागच्या रविवारी मात्र तिच्या शाळेतल्या एक जुन्या बाई हळहळून म्हणाल्या, "हुशार होत्या हो सुलोचनाबाई, पण मधे विसरायला लागल्या होत्या म्हणे. म्हणून तर हेडमास्तरीण झाल्या नाहीत." मी चहाचा कप खाली ठेवला आणि उठून मागच्या अंगणात गेलो. त्या बाईंचा काही दोष नाही. ताई स्वतःच तसं सांगत असे. तिला तसं वाटावं ही व्यवस्था मी केली होती. ती गेल्यावर तिच्या नावामागे हे राहू नये, म्हणून हे लिहितो आहे.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. वडील मिलमध्ये होते, मी चौथीत असताना गेले, आणि तिने शाळेत नोकरी धरली. लग्नाचं तिने मनावर घेतलं नाही, आणि तिच्याशी त्यावर बोलायची आमच्यात कोणाची हिंमत नव्हती. शाळा सुटली की ती लष्कराच्या दारूगोळ्याच्या डेपोच्या क्वार्टरांत शिकवणीला जाई. तिथे सगळा देश राहायचा. मद्रासी, बंगाली, पंजाबी, मल्याळी... त्यांच्या पोरांना ती मराठी बाराखडी शिकवायची. त्या लोकांना बदलीचा हुकूम आला की आठ दिवसांत चंबूगबाळं आवरावं लागे. पेट्यांत रेकॉर्डी फुटतात, म्हणून बायका त्या इथेच काढून टाकत. अशी पहिली रेकॉर्ड ताईने एका बंगाली बाईकडून आणली, एकाहत्तरची लढाई होऊन वर्षभर झालं असेल तेव्हा.

आता गंमत ऐका. आमच्या घरी रेकॉर्ड वाजवायचं यंत्र नव्हतं. रेडिओसुद्धा शेजारच्यांचा ऐकायचो. मी म्हणालो, "ताई, हे काय पापड वाळवायले आणलं काय?" ती म्हणाली, "यंत्र येईन तेव्हा येईन. ह्या बाया तवापर्यंत थांबतात काय?" तिची एक अट असे. रेकॉर्ड घेण्याआधी घरवालीने ती एकदा वाजवून दाखवायची आणि तिची काय आठवण आहे ते सांगायचं. कोणी 'आठवण कसली, अशीच आणली होती' म्हटलं तर ताई ती घेतच नसे, फुकट दिली तरी. घरी आली की हातपाय धुवून पाटावर बसायची आणि मला म्हणायची, "लिही." अक्षर माझं बरं होतं. शाळेत वह्यांना घालायचा खाकी कागद असतो, त्याची ती पाकिटं शिवायची आणि मी त्यावर ती सांगेल ते लिहायचो. एका पंजाबी ड्रायव्हरच्या रेकॉर्डवर एका जागी सुई अडकायची. भावाच्या लग्नात ती तिथे अडकली आणि वऱ्हाड तेवढ्याच दोन शब्दांवर कितीतरी वेळ नाचत राहिलं. बंगाली बाई बाळाला न्हाऊ घालताना एक लावायची, कारण त्याशिवाय ते पाण्याला घाबरून रडे. एक तामिळ बाई होती, तिला सगळे अक्का म्हणत. तिच्या पाकिटावरचं मला अजून तोंडपाठ आहे. 'लढाईत नवरा सरहद्दीवर. रोज दिवेलागणीला हीच लावायची. पत्र आलं त्या दिवशी लावायची विसरली.'

गाण्याचं नाव आम्ही पाकिटावर लिहीत नव्हतो. ते रेकॉर्डवर छापलेलं असे, पण इंग्रजी अक्षरांत कुठली कुठली भाषा, आम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नसे. त्याऐवजी ताईने आकडे घातले होते. पाकिटावर एक आकडा आणि तोच आकडा रेकॉर्डच्या मधल्या गोल कागदावर, दौतीच्या निळ्या शाईने. या रेकॉर्डची ही गोष्ट, हे सांगणारा दुसरा काहीही पुरावा जगात नव्हता.

त्याच वर्षांत आमची आई विसरायला लागली होती. आधी चुलीवरचं दूध, मग शेजाऱ्यांची नावं. शेवटी शेवटी ती ताईकडे बघून म्हणायची, "तू कोणाची वं पोरी?" ताई दरवेळी तितक्याच शांतपणे सांगायची, "तुहीच आहो मी, माय." आई गेल्यावर एकदा भांडी घासता घासता ताई मला म्हणाली होती, "सिधू, मले मरायचं भेव नाई वाटत. पण माये सारखं झालं तर? पोरं समोर बसली अन् मले त्यायची नावंच नाई आली तर?" मी म्हणालो, काहीतरीच काय बोलतेस. एवढं बोलून मी विषय संपवला.

पुढच्या उन्हाळ्यात ती शिक्षकांच्या शिबिरासाठी पंधरा दिवस वर्ध्याला गेली. मी बी.ए. होऊन घरी बसलेलो, पोस्टाचा निकाल यायचा होता. मिलच्या जवळ राहणाऱ्यांना माहीत आहे, कापसाचा बारीक भुगा तिथे सगळ्यावर बसतो, अगदी झाकलेल्या डाळीतही. रेकॉर्डींवर बोटाने रेघ ओढता येईल इतका थर होता. मला वाटलं, ताई येण्याच्या आत चकचकीत करून ठेवू. खूश होईल. परातीत रिठ्याचं पाणी केलं, पाकिटं एका बाजूला रचली आणि सगळ्या रेकॉर्डी एकदम पाण्यात सोडल्या. आकडे आहेतच, मग क्रम कशाला लावायचा, असा माझा हिशेब. मऊ फडक्याने एकेक पुसून भांड्यांच्या मांडणीत ताटल्यांसारखी उभी करत गेलो. चार-पाच झाल्यावर माझं परातीकडे लक्ष गेलं. फेस निळा झाला होता.

मी हात घालून भराभर सगळ्या बाहेर काढल्या. एकीवरही आकडा नव्हता. उजेडात धरून, तिरक्या करून पाहिल्या, भिंग लावून पाहिलं. गोल कागद स्वच्छ, जणू त्यावर कधी कोणी काही लिहिलंच नव्हतं. ताई दुसऱ्या दिवशी येणार होती. मी काय करावं? सांगून टाकावं, एवढं साधं होतं. मी त्या कोरड्या केल्या आणि अंदाजाने हाताला येईल तशा पाकिटांत सारल्या. परात घासून उलटी ठेवली.

ताई आली, रेकॉर्डींची पेटी उघडून म्हणाली, "कशा चमकून राह्यल्या रे!" मी हसलो. घरात यंत्र नाही, तोवर कळण्याचा प्रश्न नाही, असं मी स्वतःला समजावलं. यंत्र तीन वर्षांनी आलं, एका सुभेदाराची बदली झाली तेव्हाचं, तेही वापरलेलंच. मधे नवी रेकॉर्ड आली नव्हती, त्यामुळे पेटी बंदच होती. तोवर मला गावातल्याच पोस्टात लागून दोन वर्षं झाली होती. ताईने रविवारी दुपारी दार लोटून घेतलं, मला जेवणाच्या ताटासकट समोर बसवलं आणि बंगाली बाईचं पाकीट काढलं. बाळाच्या आंघोळीचं. सुई टेकली आणि ढोल-ताशांचा दणका सुरू झाला. ताई आधी हसली. "हे कोणतं पोट्टं न्हाऊन राह्यलं?" मग तिने दुसरी लावली. तिसरी लावली. हसणं थांबलं. रेकॉर्ड काढून ती त्यावरचा गोल कागद निरखायला लागली, मग दुसरीवरचा, मग पेटीतल्या सगळ्यांवरचा. मी ताटातली पोळी मोडत होतो.

"सिधू, मी याच्यावर आकडे टाकले होते ना रे?"

मी म्हणालो, "मले नाई आठवत."

तिने अंगठ्याने तो गोल कागद एकदा चोळून पाहिला. "मले तर पक्कं वाटून राह्यलं होतं..." असं म्हणून तिने यंत्राचं झाकण लावलं. मी पोळी संपवली. ती पोळी संपवली याची मला आजही लाज वाटते.

त्या दिवसापासून ताई स्वतःला तपासायला लागली. दाराच्या आतल्या बाजूला यादी लावायची: स्टोव्ह, कडी, चाव्या, चष्मा. हजेरी घेताना आधी डोळे मिटून सगळी नावं मनात म्हणायची, मग पुस्तक उघडायची. एखादं नाव मागेपुढे झालं तर घरी येऊन जेवायची नाही. मी पाहत होतो. रोज वाटे आज सांगू, आणि रोज वाटे इतके दिवस झाले, आता कोणत्या तोंडाने सांगू. दिवस गेले तसं ते कठीणच होत गेलं. मुख्याध्यापिकेची जागा रिकामी झाली, यादीत तिचंच नाव पहिलं होतं. ती नको म्हणून आली. "शाळेच्या चाव्या, कागद, पोरायचे दाखले... माह्या हातून काई चुकलं तर? माय कशी झाली होती, पाह्यलं ना तू." मी तेव्हाही बोललो नाही. उलट म्हणालो, "बरं झालं, कटकट वाचली."

आणि मग शांती आली. चौऱ्याऐंशीचा उन्हाळा. दुपारी दारात एक तरुण मुलगी उभी, हातात छोटी बॅग. "टीचर, पहचाना?" अक्काची मुलगी, ताईकडे बाराखडी शिकलेली. दिल्लीहून मद्रासला निघालेली, मधे वर्ध्याला उतरून इथे आली होती. संध्याकाळी वर्ध्याहून पुढची गाडी धरायची होती. तिने बसल्या बसल्या सांगितलं. अक्काला झटका आला होता, वाचा गेली होती, डॉक्टरांनी थोडे दिवस सांगितले होते. "अम्मा कुछ गुनगुनाती है, टीचर. टूटा-टूटा. किसी को समझ नहीं आता. अप्पा बोले, वो पुलगाव वाला रेकॉर्ड होगा. आपके पास है क्या?" गाणं कोणतं ते ना तिला माहीत होतं, ना तिच्या वडिलांना. लढाईच्या वेळी ती पाच वर्षांची होती.

ताईने क्षणात पाकीट काढलं. तिने आतलं वाजवून पाहिलं. गाणं तामिळच निघालं, हा माझ्या अंदाजाचा योगायोग. ताई कान देऊन ऐकत होती. तिच्या कपाळावर आठी आली होती, ती मला दिसली. पण आता तिचा स्वतःच्या कानांवर विश्वास राहिला नव्हता. "हेच असन," ती म्हणाली, "लिहिलं आहे तर हेच असन." तिने पाकीट कापडात गुंडाळून शांतीला दिलं, तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "तिले गाडीत बसवून येजो."

स्टेशनावर वर्ध्याच्या पॅसेंजरला वीस मिनिटं होती. शांतीने ती रेकॉर्ड बॅगेत ठेवली नाही, दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. मी तिच्याशेजारी बाकावर बसलो. माझ्याशिवाय जगात कोणालाच हे कळणार नव्हतं. ती मद्रासला जाईल, आईच्या उशाशी कोणतं तरी गाणं वाजेल, आई मान वळवणार नाही, आणि सगळे म्हणतील, अक्काला आता काही समजत नाही. बस्स. सिग्नल पडला. लोक उठून उभे राहिले. मी तिला म्हणालो, "शांती, ये रेकॉर्ड गलत हो सकता है." ती हसली, तिला वाटलं मी थट्टा करतोय. मी सांगितलं. निळ्या पाण्यासकट सगळं सांगितलं. गाडी आली, थांबली, निघून गेली. ती माझ्याकडे बघत होती. मग एवढंच म्हणाली, "टीचर को मालूम है?"

आम्ही परत आलो तेव्हा ताई दारातच होती. "काऊन? गाडी चुकली काय?" मी उंबऱ्याबाहेर उभा राहूनच बोललो. आत जायचं धाडस होईना. "ताई, आकडे टाकले होते. तू टाकले होते. मी रेकॉर्डी धुतल्या, त्यात गेले. तुह्या डोक्याले काई झालं नाई. कधीच नाई."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने शांतीला हात धरून आत घेतलं, पेटी जमिनीवर उपडी केली आणि म्हणाली, "बेटी, तुम्हारे भाषा के सब निकालो." शांतीने छापलेली नावं वाचून, हातातली धरून, सात रेकॉर्डी वेगळ्या काढल्या. वाजवून बघायला वेळ नव्हता. देवळीवरून वर्ध्याला जाणारी बस मिळाली तरच मद्रासची गाडी मिळणार होती. ताईने सातही दिल्या. बस निघेपर्यंत ती खिडकीला धरून उभी होती. घरी परतताना, भर रस्त्यात, माझ्याकडे न बघता ती बोलली.

"धुतल्या त्याचं काई नाई. पण पाच वर्षं मी मनाशी म्हणून राह्यली का माह्यं डोकं चाललं... अन् तू समोर बसून जेवत होता."

दोन पावलं मागे राहून मी घरापर्यंत चालत आलो.

तीन आठवड्यांनी मद्रासहून पत्र आलं. ताईने दिलेल्या पाकिटातलं गाणं ते नव्हतं. चौथ्या रेकॉर्डला अक्काने डोळे उघडले, आणि गाणं संपेपर्यंत ओठ हलवत होती. त्यानंतर पाच दिवसांनी ती गेली. सोबत सातही रेकॉर्डी परत आल्या, अक्काची तेवढी तिच्या पाकिटात नीट ठेवलेली. ताईने पत्र वाचलं आणि माझ्या ताटाशेजारी आणून ठेवलं. त्याच महिन्यात तिने दारावरची यादी फाडली. पण मुख्याध्यापिकेच्या जागेवर तोवर दुसऱ्या बाई आल्या होत्या, आणि ती संधी पुन्हा आली नाही. माझी वर्ध्याला बदली झाली, लग्नही तिकडेच झालं. मी सुटीला जायचो, ती माझ्या आवडीचं करून वाढायची, बोलायचीही. मात्र 'लिही' असं ती मला पुन्हा कधीच म्हणाली नाही. नव्या रेकॉर्डी यायच्या, आता तर कॅसेटी निघाल्यामुळे लोक ढिगाने काढत होते. त्यांच्या पाकिटांवर ती आपल्या मोठ्या, फळ्यावरच्या अक्षरात स्वतः लिहायची.

शेवटचा गेलो तेव्हा ती अंथरुणाला खिळली होती. पोटाचा आजार, उपाय संपलेले. सकाळची वेळ होती. मला म्हणाली, "पेटी आण. जुनीवाली. एकेक लाव, अन् मले दाखवू नको." मी तिच्याकडे पाठ करून बसलो, हाताला येईल ती लावत गेलो. पहिल्या चार सुरांत ती सांगायची. "ही ड्रायव्हरची, आता अडकन पाह्य... अडकली." "ही बाळाची." "ही अक्काची." कोणाचं क्वार्टर कुठल्या ओळीत, कोणाच्या दारात तुळस होती, कोणाचा पोरगा 'ळ' म्हणू शकत नव्हता. प्रत्येक गाणं तिने मूळ घरी एकदाच ऐकलं होतं, दहा-पंधरा वर्षांपूर्वी. मी धुतलेल्या सगळ्या गोष्टी तिने खरं कळल्यानंतर, एकटीने, ऐकून ऐकून जागेवर बसवल्या होत्या. मला मधेच रडू फुटलं. ती म्हणाली, "सुई पाह्य, संपली."

मग एक अशी लागली की ती गप्पच राहिली. संथ, एका बाईच्या आवाजातलं काहीतरी, भाषा ओळखीची नाही. अर्धी झाली, सगळी झाली. मी वळून पाहिलं. मी घाईने म्हणालो, "ताई, ही माह्यामुळंच. मीच कुठंतरी..."

"नाई," ती म्हणाली. डोळे मिटलेले, चेहरा अगदी निवांत. "हे मी विसरली. माह्यं मी विसरली. तुह्यं यात काई नाई." थोड्या वेळाने म्हणाली, "पुन्हा लाव. चांगली आहे."

ती रेकॉर्ड आता माझ्याकडे आहे. तेवढ्या एकीची आठवण तेव्हा लिहायची राहून गेली असावी; तिचं पाकीट कोरं आहे, आणि मी ते तसंच ठेवलं आहे. रविवारी सकाळी लावतो. परवा बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, ही कोणाची हो? मी म्हणालो, ताईची.